नव्याचे नऊ दिवस, आणि दहावा

दर महिन्याच्या १९ तारखेला संध्याकाळी माझ्या ऑफिसात पिशव्या यायला लागतात. कापडी, प्लॅस्टिकच्या, साडीच्या दुकानाच्या. एक तर गेली तीन वर्षं खताच्या गोणीतून येते. आत बिलं. जीएसटीचं ३बी रिटर्न, म्हणजे विक्री, खरेदी आणि कराचं विवरणपत्र, दर महिन्याला भरणाऱ्यांची मुदत २० तारखेला संपते, म्हणजे महिनाभराचा हिशोब एका रात्रीत लावायचा. मी सांगलीत कर सल्लागार आहे, बावीस वर्षं झाली. व्हॅटच्या काळातही पिशव्या याच होत्या, फक्त तारीख वेगळी.

आमचे एक हार्डवेअरवाले आहेत. माणूस हुशार आणि कष्टाळू. कुठल्या मापाचा नट कुठल्या डब्यात आहे हे लाईट गेल्यावरही सांगतील. पण खरेदीची बिलं कुठं आहेत असं विचारलं की डोकं खाजवतात. दर महिन्याला पिशवी टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, "साहेब, या टायमाला शेवटचं. एक तारखेपासून रोजच्या रोज लिहितो बघा."

ते खोटं बोलत नसतात. एकदा त्यांनी ती वही आणून दाखवली. लाल कापडी पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर श्री, खाली हळदकुंकू. १ तारखेचं पान पट्टीनं आखलेलं, जमा निळ्या शाईत, खर्च लाल शाईत. ४ तारखेला लाल पेन गायब. ७ तारखेला आखणी गेली. ९ तारखेला "पाईप ३ नग" एवढंच, रक्कम नाही. पुढची सगळी पानं कोरी. नव्याचे नऊ दिवस इतके शब्दशः मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

असं कुणाचं झालं की आपण शिक्का मारून मोकळे होतो: शिस्त नाही, आरंभशूर आहे. मीही म्हणायचो. तोंडावर नाही, पण म्हणायचो. मग एकदा त्यांच्या दुकानाशेजारी सकाळी कामासाठी उभा होतो तेव्हा पाहिलं. बरोब्बर साडेआठला शटर वर. उंबऱ्यावर पाणी, वजनकाट्याला उदबत्ती, गल्ल्याला नमस्कार. वीस वर्षं हे असंच चाललंय, ताप असला तरी. मग या माणसाला शिस्त नाही असं म्हणायचं कुठल्या तोंडानं? एकाच माणसाची एक सवय लोखंडासारखी आणि दुसरी नऊ दिवसांत विरते, तर फरक माणसात नसणार. त्या दोन कामांच्या बांधणीत असणार. सवय नेमकी लागते कशी, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी बरंच तपासलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं दुकानात, ऑफिसात, टेबलावर उपयोगी पडणारं आहे.

अंगवळणी म्हणजे काय

मराठीत सवयीला 'अंगवळणी पडणं' म्हणतात. वळण अंगाला लागतं, डोक्याला नाही. विज्ञान जवळपास तेच सांगतं.

अमेरिकेत एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळकांडीतून पळवलं. टोकाला चॉकलेट. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचा पेशींचा समूह असतो, तिथली हालचाल ते मोजत होते. सुरुवातीला उंदीर बावचळलेला, वास घेतोय, थांबतोय, आणि मेंदूचा तो भाग सबंध वाटभर कामात. शेकडो वेळा पळाल्यावर चित्र पालटलं. हालचाल सुरुवातीला एकदा उसळते आणि शेवटी एकदा, मधे जवळजवळ शांतता. सगळी धाव एक गाठोडं बांधल्यासारखी झाली. गाठ सुरुवातीला सोडायची, शेवटी बांधायची, मधलं आपोआप.

आपण गाडी चालवायला शिकतो तेव्हा हेच होतं. पहिल्या महिन्यात क्लच, गिअर, आरसा, हॉर्न हे सगळं एकेकटं आठवावं लागतं. पाच वर्षांनी घरून निघून ऑफिसात पोचतो आणि मधला विश्रामबागचा चौक कधी गेला ते सांगता येत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना तासातासाला लिहायला लावलं होतं: आत्ता काय करताय, डोक्यात काय चाललंय. त्यांच्या दिवसभराच्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती रोज, बहुधा त्याच जागी, आणि मन दुसरीकडे असताना घडणाऱ्या निघाल्या. म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा आपण ठरवून जगतच नाही. यात वाईट काही नाही. प्रत्येक गोष्ट ठरवावी लागली असती तर दुपारपर्यंत माणूस थकून बसला असता.

आता हार्डवेअरवाल्यांची उदबत्ती बघा. शटर वर गेलं, की हात उदबत्तीच्या पुड्याकडे. ते ठरवत नाहीत. वहीचं मात्र रोज ठरवावं लागत होतं. कधी लिहू? दुपारी गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा. गिऱ्हाईक कमी झालं तर जेवण, जेवणानंतर डुलकी. रात्री लिहू. रात्री दमलेला माणूस घरी जाऊ म्हणतो. वहीला दिवसात जागाच दिलेली नव्हती. ती दारोदार हिंडत होती.

२१ दिवसांची अफवा

"२१ दिवस करा, सवय लागते." हे तुम्ही दहा ठिकाणी ऐकलं असेल. मी एका व्यापारी मेळाव्यात व्यासपीठावरून ऐकलंय, आणि टाळ्याही वाजवल्यात.

हा आकडा येतो मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनकडून. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान सुमारे २१ दिवस लागतात, असं त्यांना रुग्णांकडे पाहून वाटलं, आणि ते त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं. तोंडातोंडी 'किमान' गळलं, 'सुमारे' गळलं, चेहराही गळला. उरले २१ दिवस.

प्रत्यक्ष मोजायचा प्रयत्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला. ९६ जणांनी एकेक नवी सवय निवडली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर पाणी, कुणी फळ, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. बारा आठवडे रोज नोंद: केलं का, आणि आपसूक झालं का ढकलावं लागलं? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवय आपसूकपणाच्या माथ्याजवळ पोचायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त, निघाला ६६. पण खरी गंमत टोकांची आहे. कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे २५४ हा आकडा आलेखाची रेषा पुढे ओढून काढलेला आहे. आमच्या धंद्यात याला अंदाजपत्रक म्हणतात.) व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला.

या अभ्यासातून मी दोन गोष्टी उचलल्या.

पहिली माझी माझी आहे, अभ्यासात नाही. साठ-पासष्ट वेळा केल्यावर एखादी गोष्ट अंगवळणी पडत असेल, तर महिन्यातून एकदा करायच्या कामाला तेवढ्या वेळा व्हायला साडेपाच वर्षं लागतील. आणि मधे महिनाभराचं अंतर पडलं की वळण पुसलं जाणार ते वेगळंच. म्हणून महिन्याचं रिटर्न, तिमाहीचा अहवाल, वर्षाचं ऑडिट यांची 'सवय' कधीच लागत नाही. लागूच शकत नाही. वर्षानुवर्षं तेच काम करणारी माणसंही शेवटच्या रात्री जागतात, मीसुद्धा. सवय लावायची तर त्या कामाचा रोजचा तुकडा शोधावा लागतो, रोज करता येईल इतका बारका. जुन्या पेढीवर हे ठाऊक होतं. तिथे वर्षाचा ताळेबंद नंतरचा, आधी रोजमेळ. गल्ल्यातली रोकड आणि कीर्दीतली शिल्लक जुळल्याशिवाय मुनीम पेढीवरून उठत नसे. जो रोज मेळ घालतो त्याला वर्षाअखेरीला धाडस लागत नाही.

दुसरी गोष्ट मात्र अभ्यासातली: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी केलं की गाडी जवळपास तिथूनच पुढे जाते. हे वाचून मी थबकलो, कारण आपल्याकडचा समज नेमका उलटा आहे. सोळा सोमवारांत एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, असं माझी आजी म्हणायची. व्रताचं ते ठीक आहे. पण हीच रीत आपण कामाला लावतो. १० तारखेला वही राहिली की "खंड पडला, आता पुढच्या एक तारखेपासून." डिसेंबरात राहिलं तर "आता पाडव्यापासून." नुकसान दहाव्या दिवसानं होत नाही. त्यानंतर मुहूर्ताची वाट बघत घालवलेल्या वीस दिवसांनी होतं. कोऱ्या पानांची किंमतही सांगतो. बिल हरवलं, पुरवठादारानंही ते दाखवलेलं नाही, तर त्यावरच्या कराची वजावट हातची जाते. १८ टक्के कराच्या मालात पन्नास हजारांचं बिल म्हणजे नऊ हजार. रिटर्नच उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, निरंक असेल तर २०, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

निग्रहाचं काय?

शिस्त म्हणजे मनाचा निग्रह, आणि निग्रह म्हणजे दात-ओठ खाऊन मोह मोडणं, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. यावर सर्वात गाजलेला प्रयोग १९९८ चा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांना ताज्या भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांच्या वासात बसवलं. काहींना बिस्किटं खायची मुभा, काहींना फक्त मुळ्याच्या फोडी. मग सगळ्यांना न सुटणारी कोडी दिली. मुळेवाल्यांनी सरासरी आठेक मिनिटांत नाद सोडला, बिस्किटवाले एकोणीसच्या आसपास झगडले. निष्कर्ष असा, की निग्रह टाकीतल्या पाण्यासारखा आहे, एकीकडे वापरला की दुसरीकडे कमी पडतो. पटण्यासारखं होतं, पुढे शेकडो शोधनिबंध निघाले. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर माणसांवर, वेगळ्या पद्धतीनं हा परिणाम पुन्हा तपासला. तो जवळपास शून्य निघाला. टाकीचा वाद अजून मिटलेला नाही, पण "दिवसभर निग्रह केला म्हणून संध्याकाळी संपला" असं आता छातीठोक म्हणता येत नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जर्मनीतल्या वुर्झबुर्गचा अभ्यास, २०१२ चा. २०५ जणांच्या हातात आठवडाभर फोन दिले. दिवसातून अनेकदा घंटी वाजायची आणि प्रश्न यायचा: आत्ता काही हवंहवंसं वाटतंय का? ते मोडावंसं वाटतंय का? ज्यांचा संयम चांगला असं दिसत होतं ती माणसं दिवसभर मोहांशी कुस्ती खेळत असतील अशी अपेक्षा. निघालं उलटंच. त्यांना झगडावंच कमी लागत होतं. मोह त्यांच्या वाटेत कमी येत होते.

हे कळल्यावर मी माझ्या फोनकडे वेगळ्या नजरेनं बघितलं. सकाळी दहा ते बारा हा माझा डोकं चालण्याचा वेळ, आणि मी तो व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभाताला देत होतो. फोन उलटा ठेवून पाहिला, आवाज बंद करून पाहिला. हात आपोआप जायचा. सवयीला चव लागत नाही, हे चित्रपटगृहातल्या एका प्रयोगात छान दिसलं होतं. प्रेक्षकांना आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमाला बसलं की पॉपकॉर्न खायची सवय, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. आवडले नाहीत असं त्यांनीच सांगितलं, तरी. पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला लावलं तेव्हा शिळे खाणं कमी झालं, कारण हात अडखळला. माझं व्हॉट्सॲपही शिळंच होतं, फक्त हात अडखळत नव्हता. आता दहा वाजता फोन फायलींच्या कपाटात जातो, कपाटाला कुलूप, किल्ली बाहेर सहाय्यक बसते तिच्या ड्रॉवरमध्ये. किल्ली मागायला लाज वाटते. दोन वर्षांत मी ती दहा-बारा वेळाच मागितली असेल. माझा निग्रह तसूभरही वाढलेला नाही.

जेव्हा, तेव्हा

पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं एक अगदी साधी युक्ती वर्षानुवर्षं तपासली. 'मी अमुक करीन' असं म्हणू नका. 'जेव्हा तमुक होईल, तेव्हा मी अमुक करीन' असं म्हणा. फरक क्षुल्लक वाटतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २४८ विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं जोरकस व्यायाम करायचा होता. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी केला. ज्यांना व्यायामाचे फायदे पटवून सांगितले त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी, म्हणजे भाषणाचा उपयोग काहीच नाही. फायद्यांसोबत 'कधी आणि कुठे करणार' हे लिहून घेतलं त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी. इतका मोठा फरक दरवेळी पडत नाही. पण २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

असं का होतं? कारण आठवण ठेवायचं काम तुमच्याकडून काढून त्या 'जेव्हा'ला दिलेलं असतं. आणि तो 'जेव्हा' घड्याळातला असण्यापेक्षा घडणारा असला तर बरा. लहानपणी घरात शुभंकरोती सातला म्हणत नव्हते. दिवा लागला की म्हणत होते. दिवा लागणार तर होताच, त्याच्या शेपटाला शुभंकरोती बांधलेली होती. सातचा गजर बंद करता येतो, अंधार बंद करता येत नाही. मुंबईच्या लोकलनं जाणाऱ्यांची सकाळ इतकी कडक का असते? ते काही आपल्यापेक्षा गुणी नसतात, गाडी थांबत नाही. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा कित्येकांची घडी विस्कटली. माझा डोंबिवलीचा मेहुणा म्हणायचा, "अरे, दाढी कधी करायची तेच कळत नाही." दाढी त्याच्या सव्वाआठच्या फास्टला बांधलेली होती.

नोकरीत हे बसवणं अवघड नाही. सकाळचा कॉम्प्युटर चालू होत असतानाच कालच्या तीन राहिलेल्या गोष्टी कागदावर. मीटिंगमधून उठायच्या आधी, खुर्ची मागे सरकवताना, कोण काय करणार ते एका ओळीत. जेवणाचा डबा धुतला की पत्रांची उत्तरं. कुठलं काम कशाला बांधायचं ते ज्याचं त्यानं बघावं. एवढंच बघायचं, की खुंटी आधीपासून भिंतीत पक्की असावी. नवी सवय नव्या सवयीला बांधली तर दोन्ही खाली येतात.

इथे एक कबुली. याद्या करून शिस्त येते असं मी बरीच वर्षं मानत होतो, आणि त्याला आधारही जबरदस्त होता. जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी केली आणि दिल्ली, मनिला, लंडन, सिॲटल अशा आठ शहरांतल्या एकेका रुग्णालयात वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. मग कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ही यादी सगळ्या रुग्णालयांत लागू झाली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा हिशोब बाहेर आला, तर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. यादी पाळली जाते असं मात्र जवळजवळ सगळीच रुग्णालयं कळवत होती.

असं का झालं यावर तज्ज्ञ अजून भांडतात. मला मात्र माझं ऑफिस आठवलं. मीही रिटर्न भरण्याआधीची चौदा मुद्द्यांची यादी छापून घेतली होती. एका २० तारखेला सहाय्यकेच्या टेबलाशी गेलो, तर ती रात्री साडेदहाला भरून झालेल्या रिटर्नांच्या याद्यांवर एकापाठोपाठ टिका मारत बसली होती, चौदाच्या चौदा, एका दमात. मी काही बोललो नाही. मला हव्या होत्या म्हणून ती मारत होती. यादीला कुठलाही 'जेव्हा' नव्हता, ती कामाच्या शेवटी येत होती, आणि कामाच्या शेवटी माणसाला फक्त घर दिसतं. आता चौदाचे चार मुद्दे झालेत आणि ते 'सबमिट'चं बटण दाबायच्या आधी मोठ्यानं वाचायचे असतात, दुसऱ्याला ऐकू जातील असे. दहा मुद्दे गेले त्याचं दुःख फक्त मला झालं.

तार

हार्डवेअरवाल्यांना मी एके रविवारी विचारलं, "रात्री दुकान बंद करताना तुम्ही नक्की काय काय करता? क्रमानं सांगा."

त्यांना हा प्रश्न खुळचट वाटला असावा, पण सांगितलं. बाहेरच्या बादल्या आणि पाईपचे बंडल आत. गल्ला मोजायचा. मोठ्या नोटा वेगळ्या काढून रबर लावायचं. मेन स्विच. देवाला नमस्कार. शटर.

"आणि दिवसभरात आलेली बिलं?"

"असतात की. कुठंतरी."

आम्ही दोन गोष्टी केल्या. गल्ल्याच्या वर, हात सहज पोचेल अशी, बिलं खोचायची तार टांगली. माल उतरला की बिल तारेत, दुसरीकडे कुठेही नाही. आणि नोटांना रबर लावलं, की तारेतली बिलं काढून फोटो, फोटो मला, बिल पिशवीत. चार मिनिटं. रबर हा आमचा 'जेव्हा'. रबर ते वीस वर्षं न चुकता लावत होते.

"आणि वही?"

"वही नको."

त्यांचा चेहरा पडला. लाल वहीला एक मान होता. व्यापाऱ्यानं वही लिहावी, फोटो काय काढायचे? पण त्यांना हवी होती ती चांगल्या व्यापाऱ्याची प्रतिमा, आणि मला हवी होती बिलं. यावर आमचा थोडा वाद झाला. वहिनींनी तो सोडवला. त्या म्हणाल्या, "वही पाडव्याला पूजेला ठेवू. बाकीचे दिवस फोटो काढा."

लगेच जमलं असं नाही. पहिल्या महिन्यात पाच-सहा रात्री कोऱ्या गेल्या. गणपतीत तर दहा दिवस दुकान कधी बंद होई त्यालाच धरबंध नव्हता, फोटो कुठले? मी फोन केला नाही. गणपती गेले, गल्ला पुन्हा मोजला जाऊ लागला, रबर लागलं, आणि फोटो आले. त्यांनी एक तारखेची वाट पाहिली नाही, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं.

सगळ्यांना हे लागू पडेल असं मात्र मी म्हणणार नाही. हार्डवेअरवाल्यांचं दुकान स्वतःचं आहे, बंद करायची वेळ त्यांच्या हातात आहे. माझ्याच ओळखीत एक हातगाडीवाला आहे, दिवसाला तीन ठिकाणी गाडी हलवतो, मधे हप्त्यासाठी माणूस येतो, संध्याकाळी मुलीला क्लासहून आणायचं. त्याला 'खुंटी शोध' म्हणणं म्हणजे भिंत नसलेल्याला खिळा देणं. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत लहान मुलांसमोर गोड खाऊ ठेवून, थांबलास तर दोन देईन, असा प्रयोग झाला होता. थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी होतात असं त्यावरून मानलं गेलं. २०१८ मध्ये नऊशेच्या वर मुलांवर तो पुन्हा तपासला. थांबण्याचा पुढच्या यशाशी संबंध आधीच्या निम्माच दिसला, आणि घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तोही बराच विरघळला. ज्याच्या घरी उद्याचा खाऊ उद्या नक्की असतो, त्याला आज थांबणं सोपं जातं. एखाद्याला बेशिस्त म्हणण्याआधी त्याचा दिवस कोणाच्या हातात आहे ते विचारायला मी अलीकडे शिकलोय. उशिरा शिकलो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेनवाला हार्डवेअरवाल्यांचा फोन. मला वाटलं नोटीस-बिटीस आली.

"साहेब, आज दिवसभर पाऊस. एक पण बिल आलं नाही."

"बरं. मग?"

"मग फोटो कशाचा पाठवू? रबर लावून बसलोय, चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

मी हसलो आणि म्हटलं, रिकाम्या तारेचा पाठवा. माझी चेष्टा त्यांनी चेष्टा म्हणून घेतली नाही. तेव्हापासून ज्या दिवशी बिल नसतं त्या रात्री नऊ-सव्वानऊला माझ्या फोनवर रिकाम्या तारेचा फोटो येतो. मागं भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. कालचा जरा हललेला होता.